लाजाळूला दुखतें काय ?

आमच्या मागील अंगणांत विहिरीच्या कठड्याशीं लाजाळूचें एक जाळें आपोआप पसरलेलें आहे. तें कोणीं लावलें नाहीं आणि त्यास पाणीही कोणी घालीत नाहीं. त्याचे बारीक कांटे पदरास अडकतात म्हणून सूनबाई दरवर्षीं तें उपटून टाकावयाचें म्हणतात. परंतु घरांतील मुलांचा त्यावर एवढा लोभ कीं, दरवर्षीं तें वांचतें. गेल्या श्रावणांत माझी आठ वर्षांची नात तेथें उकिडवी बसून एकेका पानास बोट लावीत होती. बराच वेळ हा खेळ चालल्यावर ती एकाएकीं थांबली, मजजवळ आली आणि म्हणाली, "आजोबा, मी हात लावला की ते मिटतं. त्याला दुखतं का हो ?"

हा प्रश्न मजपुढें प्रथमच आला असतां, तर मीं कांहींतरी गोड बोलून तिची समजूत घातली असती. परंतु सुमारें तीस वर्षांपूर्वीं तो एकदां आला होता, व त्या वेळीं मीं त्याचें उत्तर मोठ्या आत्मविश्वासानें चुकीचें दिलें होतें. मी संस्कृतचा शिक्षक. एके वर्षीं विज्ञान शिकविणारे गृहस्थ दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचे तास मजकडे आले. वनस्पतींच्या धड्याच्या वेळीं मीं फळ्यावर टिपण लिहून दिलें कीं, जगदीशचंद्र बोस यांनीं झाडांनाही आपल्यासारखे मज्जातंतु असून आपल्यासारखेंच सुखदुःख होतें, हें सिद्ध केलें आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, आमच्या आईनं जास्वंदीची फांदी तोडून दुसरीकडे लावली, ती जगली. मग तोडल्याचं दुःख झाडाला झालं, की फांदीला ?" वर्ग हंसला. मला तो उद्धटपणा वाटला, आणि त्यास मीं तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें.

तो मुलगा आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. मात्र निवृत्तीनंतर वाचावयास वेळ मिळूं लागला तेव्हां मला कळून आलें कीं, त्या दिवशीं वर्गांत शास्त्रीय पद्धतीनें विचार करणारा तोच एक होता. हा लेख त्याच्या प्रश्नासाठीं आहे.

प्रथम पान मिटतें कसें तें पाहूं. लाजाळूच्या पानाचा देठ खोडास जेथें जडलेला असतो तेथें, आणि प्रत्येक पर्णिकेच्या मुळाशींही, एक फुगीर गांठ असते. या गांठींत स्नायु नाहींत. आहेत त्या केवळ पाण्यानें टंच भरलेल्या पेशी. भरलेली पखाल जशी ताठ राहते, तसें पान या पेशींच्या ताठरपणावर उभें असतें. बोट लागतांच गांठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम व क्लोराइड यांचे कण भराभर बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघून जातें, ती बाजू ढिली पडते आणि देठ खालीं लवतो. पर्णिकांच्या गांठी वरच्या बाजूनें ढिल्या होतात, म्हणून त्या वर उचलल्या जाऊन जोडीजोडीनें एकमेकींस चिकटतात. पंधरावीस मिनिटांत पेशी तेच कण पुनः आंत ओढून घेतात, पाणी परत येतें व पान उघडतें. येथवर कोणाचा वाद नाहीं.

वाद आहे तो पुढच्या गोष्टीचा. एका पानाच्या टोंकास चटका बसला, तर तेवढ्याच पर्णिका मिटून थांबत नाहींत. जोडीमागून जोडी मिटत देठाकडे येते, देठ लवतो, आणि क्षणभरानें त्याच फांदीवरचें, ज्यास कोणी शिवलेंही नाहीं असें, दुसरें पानही मान टाकतें. ही वार्ता एका पानाकडून दुसऱ्याकडे कोणीं नेली ?

प्राण्यांच्या देहांत वार्ता नेण्याच्या दोन व्यवस्था आहेत. एक मज्जातंतूंची, हल्लींच्या शालेय पुस्तकांत त्यांस चेतातंतु म्हणतात. दुसरी रक्तांत मिसळणाऱ्या रसांची. त्यांस पूर्वीं अंतःस्राव म्हणत, आतां संप्रेरकें म्हणतात. मज्जातंतु हा नेमक्या घरीं जाऊन निरोप देणारा जासूद होय, तर संप्रेरक ही गांवभर फिरणारी दवंडी होय. दवंडी सर्वांच्याच कानीं पडते. परंतु सारा भरण्याची दवंडी असली तर ज्याची जमीन असेल तोच उठतो. त्याचप्रमाणें संप्रेरक सर्व अवयवांतून वाहतें, पण त्यास ओळखणारे ग्राहक ज्या पेशींवर असतात त्याच पेशी जाग्या होतात.

या दोहोंतला भेद ज्यास अनुभवानें पहावयाचा असेल, त्यानें आपल्या वेदान्त्यांचा रज्जुसर्प आठवावा. अंधारांत पायाशीं दोरी दिसते, तिच्यावर सर्पाची भ्रांति होते व आपण उडी मारून मागें सरतों. ही उडी मज्जातंतूंची. मज्जातंतूंतून वार्तेचा वेग किती असतो हें जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ यांनीं १८५० सालीं बेडकाच्या पायावर मोजलें. तो सेकंदास सुमारें २७ मीटर निघाला. माणसाच्या सर्वांत वेगवान् तंतूंत तो सेकंदास १०० मीटरांहूनही अधिक असतो. पुढें कोणी दिवा आणतो, दोरी दोरीच ठरते आणि भ्रांतीचा निरास होतो. परंतु छाती मात्र पुढें कांहीं मिनिटें धडधडतच राहते ! याचें कारण असें कीं, उडीबरोबरच मज्जातंतूंनीं मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना इशारा दिलेला असतो व त्यांनीं रक्तांत अॅड्रेनलिन सोडलेलें असतें. तें विरेपर्यंत हृदयास ज्ञानाचा उपयोग नाहीं. भाष्यकारांनीं या धडधडीचा विचार केलेला माझ्या वाचनांत नाहीं.

रक्तांतून अशी दवंडी फिरते हें सिद्ध झाल्यास सव्वाशे वर्षेंच होत आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व सत्ता मज्जातंतूंची, असा समज होता. अन्न जठरांतून आंतड्यांत उतरलें कीं स्वादुपिंडास पाझर फुटतो. हा पाझर मज्जातंतूच फोडतात, असें रशियांतील थोर शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांच्या शाळेचें मत होतें. १९०२ च्या जानेवारींत लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग या दोघांनीं एका कुत्र्याच्या आंतड्याच्या तुकड्याकडे जाणारे सर्व मज्जातंतु कापून टाकले व त्या तुकड्यांत आम्ल घातलें. तरीही स्वादुपिंड पाझरलें. मग त्यांनीं आंतड्याचें आंतील अस्तर खरवडून त्याचा आम्लांत काढलेला अर्क रक्तांत सोडला. तेव्हांही तें पाझरलें. तात्पर्य, निरोप तंतूंवाटे गेला नसून रक्तांतून गेला होता. पाव्हलॉव यांच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग पुनः करून पाहण्यांत आला, आणि तो खरा निघतांच त्यांनीं तो मान्य केला. या मान्यतेचें मला प्रयोगाइतकेंच कौतुक वाटतें. कारण मीं एका मुलास बाकावर उभें केलेलें आहे. पुढें १९०५ सालीं स्टार्लिंग यांनीं अशा रसांस 'हार्मोन' हें नांव रूढ केलें; ज्या ग्रीक धातूवरून तें घेतलें त्याचा अर्थ चेतविणें, गति देणें असा आहे.

आतां वनस्पति. झाडास हृदय नाहीं, रक्त नाहीं. तरी दवंडी तेथेंही फिरते, आणि तिचा शोध ज्या वस्तूवर लागला ती आपल्या प्रत्येक देवघरांत वर्षांतून एकदां येते. नवरात्रांत घटाभोंवतीं मातींत आपण गहूं पेरतों. चौथ्यापांचव्या दिवशीं फिकट पिवळे अंकुर वर येतात, आणि देवघरास एकच खिडकी असेल तर ते सगळे तिकडे कललेले दिसतात. अशाच तृणांकुरांवर चार्ल्स डार्विन यांनीं आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साह्यानें प्रयोग केले व ते १८८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. अंकुर वांकतो तो टोंकाच्या बऱ्याच खालीं. म्हणून खालच्या भागासच उजेड कळत असला पाहिजे, असें कोणासही वाटेल. डार्विननें अंकुरांच्या केवळ टोंकांवर अपारदर्शक टोप्या घातल्या. अंकुर सरळच वाढले. खालचा भाग झांकून टोंक उघडें ठेवलें, तर ते वांकले. म्हणजे पाहतें टोंक आणि वांकतो खालचा भाग. मधल्या मध्यें कांहींतरी निरोप जात असला पाहिजे.

तो निरोप कशाचा, हें समजावयास आणखी शेंचाळीस वर्षें लागलीं. डेन्मार्कमधील बॉयसेन-येन्सेन यांनीं टोंक छाटून, मध्यें जिलेटिनचा पापुद्रा ठेवून, तें पुनः बसविलें. निरोप पलीकडे गेला. अभ्रकाचा पापुद्रा घातला, तेव्हां तो अडला. अर्थात् तो विरघळणारा पदार्थ होता. शेवटीं १९२६ सालीं हॉलंडांतील तरुण संशोधक फ्रिट्स व्हेंट यानें छाटलेलीं टोंकें आगरच्या वड्यांवर कांहीं वेळ ठेविलीं. आगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांत ज्यास चायना ग्रास म्हणतात तें. मग टोंकें फेंकून देऊन ती वडीच बिनटोंकाच्या अंकुरावर एका बाजूस बसविली. अंधार असूनही ती बाजू अधिक वाढली व अंकुर दुसरीकडे वांकला. टोंकांतील रस वडींत उतरला होता ! त्या रसास ऑक्सिन म्हणतात. उजेड एका बाजूनें आला म्हणजे हा रस अंधाऱ्या बाजूस अधिक जातो, ती बाजू झपाट्यानें वाढते, आणि अंकुर उजेडाकडे कलतो. अंकुर उजेडाकडे वळतो तो ओढीनें नव्हे, पाठीमागची बाजू लांबल्यामुळें.

हाच रस त्या मुलाच्या जास्वंदीस जगवितो. कोंवळ्या शेंड्यांत व पानांत ऑक्सिन तयार होऊन खालीं उतरत असतें. फांदी तोडली कीं त्याची वाट कापलेल्या तोंडाशीं संपते, तेथें त्याचा सांठा होतो, आणि त्या सांठ्यामुळें मुळें फुटतात. रोपवाटिकेंतून कलमें लावण्यासाठीं जी पांढरी पूड विकत आणतात, तींत याच जातीचें द्रव्य असतें. माणसाचा हात तुटला तर हातास दुसरा माणूस फुटत नाहीं. झाडाची गोष्ट निराळी. त्याच्या प्रत्येक डोळ्यांत एक संपूर्ण झाड निजलेलें असतें.

कांहीं वनस्पति-रस तर एका झाडाच्या मर्यादेंतही राहत नाहींत. एका नासक्या आंब्यानें आढी नासते, असें आपण म्हणतों. एका पिकल्या आंब्यानें आढी पिकते, हेंही तितकेंच खरें आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील शहरांत रस्त्यावर गॅसचे दिवे आले, तेव्हां जेथें नळी गळे तेथल्या झाडांचीं पानें अवेळीं झडूं लागलीं. त्या गॅसमधला दोषी वायु इथिलीन, हें सेंट पीटर्सबर्ग येथें नेल्यूबॉव या विद्यार्थ्यानें १९०१ सालीं वाटाण्याच्या रोपांवरून दाखविलें. पिकतीं फळें स्वतःच तो वायु सोडतात, हें १९३४ सालीं इंग्लंडमध्यें सिद्ध झालें. आपल्या आज्या पेंढ्यांत आंबे दाबून ठेवीत, तें हा वायु उडून जाऊं नये म्हणून, असें आज म्हणतां येईल. त्या बिचाऱ्या उबेसाठीं म्हणत, आणि तेंही अगदीं खोटें नव्हतें. व्यापाऱ्यांनीं त्याऐवजीं कॅल्शियम कार्बाइड वापरण्याची जी खोड लावून घेतली, तिला कायद्यानें बंदी आहे. इथिलीन वायूनें मर्यादित प्रमाणांत फळें पिकविण्यास मात्र २०१६ पासून शासनाची अनुमति आहे.

असो. आढी सोडून पुनः लाजाळूकडे वळूं. येथें जगदीशचंद्र बोस यांचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवितां शिकवितां ते वनस्पतींकडे वळले, आणि १९०१ च्या मे महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांनीं आपले प्रयोग करून दाखविले. झाडास धक्का, चटका किंवा विष दिलें असतां त्याच्या अंगांत विजेचा सूक्ष्म तरंग उठतो, हें त्यांच्या यंत्रांनीं नोंदलें. शरीरशास्त्राच्या अध्वर्यूंनीं त्यावर आक्षेप घेतले. गंमत अशी कीं, त्या आक्षेपकांतील प्रमुख बर्डन-सँडर्सन यांनीं स्वतःच १८७३ सालीं माश्या पकडणाऱ्या एका अमेरिकन वनस्पतीच्या पानांत असा विद्युत्-तरंग पाहिला होता. परंतु सामान्य झाडांत तो असणें त्यांस अशक्य वाटे. बोस डगमगले नाहींत. १९१७ सालीं त्यांनीं कलकत्त्यास आपलें संशोधनमंदिर उघडलें, आणि १९२६ सालीं ग्रंथ लिहून मांडलें कीं, लाजाळूंतील वार्ता विद्युत्-तरंगानेंच जाते व तिच्या वाटेस वनस्पतीचा मज्जातंतु म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु त्याआधीं दहा वर्षें, १९१६ सालीं, रिक्का नांवाच्या इटालियन संशोधकानें एक विलक्षण प्रयोग करून ठेवला होता. त्यानें लाजाळूच्या जातीच्या झुडपाचें खोड मधोमध कापलें, आणि दोन तुकडे पाण्यानें भरलेल्या नळीनें जोडले. आतां मध्यें कोणताही तंतु उरला नव्हता, होतें केवळ पाणी. खालच्या तुकड्यास इजा केली. थोड्या वेळानें वरच्या तुकड्यावरचीं पानें मिटलीं. रिक्का म्हणाला, निरोप रसाचा आहे. जखमेंतून कांहीं द्रव्य सुटून जलवाहिन्यांतून वर जातें. बोस यांस हें मान्य झालें नाहीं. एकाचा जासूद, दुसऱ्याची दवंडी !

या वादांत कोण खरा, हें ठरण्यापूर्वींच मज्जातंतूंविषयींची आपली कल्पना बदलून गेली, व ती बदलली एका स्वप्नानें. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील ओटो लोवी यांस एका रात्रीं झोंपेंत एक प्रयोग सुचला. त्यांनीं उठून तो चिटोऱ्यावर लिहून ठेवला, पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांस लागेना. दिवसभर ते तळमळले. दुसऱ्या रात्रीं तें स्वप्न पुनः पडलें. या खेपेस ते लिहीत न बसतां तडक प्रयोगशाळेंत गेले. ही हकीकत त्यांनींच सांगितलेली आहे. प्रयोग असा : बेडकांचीं दोन हृदयें मिठाच्या पाण्यांत धडधडत ठेवलीं. पहिल्याचा वेग मंद करणारा मज्जातंतु चेतविला. तें मंद झालें. मग त्याच्या भोंवतींचें पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातलें. त्यास कोणीं स्पर्शही केलेला नसतां तेंही मंद झालें. हा निष्कर्ष १९२१ सालीं प्रसिद्ध झाला, व १९३६ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ डेल यांच्यासमवेत लोवींना नोबेल पारितोषिक मिळालें. याचा अर्थ असा कीं, तंतूंतून विजेच्या वेगानें धांवत आलेला जासूद दाराशीं पोंचल्यावर तोंडानें बोलत नाहीं. एका रसाची कुपी पुढें करतो. त्या रसाचें नांव अॅसिटिलकोलीन. मज्जातंतु व रस यांमध्यें जी भिंत आपण समजत होतों, ती प्राण्यांतच उभी नव्हती.

अलीकडच्या वर्षांत वनस्पतींतही तेंच दिसूं लागलें आहे. मोहरीच्या कुळांतील एका लहानशा रोपावर २०१८ सालीं अमेरिका व जपान येथील संशोधकांनीं केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पेशींत कॅल्शियम वाढलें कीं चमकणारें एक प्रथिन त्यांनीं त्या रोपांत उतरविलें होतें. सुरवंटानें एक पान कुरतडलें मात्र, आणि चमक शिरांशिरांतून पसरत दोनएक मिनिटांत दूरच्या पानांत पोंचली. तेथें पाने संरक्षक द्रव्यें करूं लागलीं. ही लाट उठविणारा पदार्थ ग्लुटामेट, आणि हाच आपल्या मेंदूंत एका मज्जापेशीकडून दुसरीस निरोप देतो. २०२२ सालीं जपानमधील सैतामा विद्यापीठांतील संशोधकांनीं खुद्द लाजाळूवर हीच युक्ति योजिली. त्यांनीं कांहीं लाजाळूंच्या गांठी निकामी करून तीं पानें न मिटणारीं केलीं, आणि दोन्हीं प्रकारचीं झाडें नाकतोड्यांपुढें ठेविलीं. न मिटणारीं पानें नाकतोड्यांनीं अधिक खाल्लीं. पान मिटतें तें लाजून नव्हे, खाणाऱ्याच्या पायाखालून निसटण्यासाठीं. आणि २०२३ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथून वार्ता आली कीं, त्याच मोहरीसारख्या रोपांत जखम झाली असतां कांहीं प्रथिनें जलवाहिन्यांतून वाहत जातात, व जेथें जातात तेथें विद्युत्-तरंग उठवितात. अर्थात् निदान त्या रोपांत रिक्काचा रस बोस यांची वीज पेटवितो. दोघेही अर्धे खरे होते.

वेगाचें मात्र विसरूं नये. लाजाळूच्या देठांतून ही वार्ता सेकंदास दोनतीन सेंटिमीटर जाते. आपल्या मज्जातंतूंशीं तुलना केली असतां ही बैलगाडीचीही बरोबरी नव्हे. परंतु ज्यास कोठें पळून जावयाचें नाहीं त्यास ती पुरेशी आहे.

मग झाडास दुःख होतें काय ? येथें मोह फार आहेत. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, ईथरची वाफ दिली असतां लाजाळू बधिर होतें व स्पर्श करूनही मिटत नाहीं. शस्त्रक्रियेपूर्वीं माणसास देत तेंच औषध ! हें वाचून कोणीही म्हणेल, ज्यास बधिर करतां येतें त्यास वेदना असलीच पाहिजे. परंतु ईथर पेशींच्या पापुद्र्यावर काम करतो, आणि पापुद्रा दोघांसही आहे. यावरून एवढेंच निघतें.

दुसरा मोह आम्हां संस्कृत वाचणारांचा. महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु व भरद्वाज यांचा संवाद आहे. वृक्षांना इंद्रियें आहेत काय, या शंकेवर भृगु सांगतात कीं, उन्हानें पानें कोमेजतात म्हणून वृक्षांस स्पर्श कळतो, मेघगर्जनेनें फुलेंफळें गळतात म्हणून श्रवण आहे, वेल वाट शोधीत जाते म्हणून दृष्टि आहे. कारणें देऊन केलेलें हें अनुमान मला अतिशय प्रिय आहे. परंतु तें अनुमान आहे, प्रयोग नव्हे; त्यास पुढें करून 'आमच्या पूर्वजांस ऑक्सिन ठाऊक होतें' असें म्हणणें म्हणजे भृगूचाही अपमान आणि व्हेंटचाही. लाजाळूची अंगणांतली ही जात तर मुळांत अमेरिकेंतून आलेली आहे. सह्याद्रींत पावसाळ्यांत उगवणारी, स्पर्शानें पानें मिटणारी एक नाजूक देशी वनस्पति निराळी. जुन्या ग्रंथांतले उल्लेख वाचतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

चेतना व वेदना यांची फारकत मात्र आपल्याच देहांत पहावयास सांपडते. तव्यास बोट लागतें तेव्हां हात आधीं मागें येतो आणि कळ मागाहून जाणवते. कारण हात ओढण्याची आज्ञा पाठीच्या कण्यांतील रज्जूंतूनच परत फिरते, मेंदूस वर्दी नंतर पोंचते. म्हणजे प्रतिक्रियेस दुःखाची आवश्यकता नाहीं. दुःख हा मेंदूचा व्यापार आहे, आणि झाडास मेंदु नाहीं, मज्जापेशीही नाहींत. २००६ च्या सुमारास कांहीं संशोधकांनीं आपल्या अभ्यासास 'वनस्पति-मज्जाविज्ञान' असें नांव दिलें, तेव्हां २००७ सालीं ३६ वनस्पतिशास्त्रज्ञांनीं एकत्र सह्या करून त्यास विरोध केला. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, संदेश आहेत म्हणून मज्जासंस्था आहे असें होत नाहीं. वाद मिटलेला नाहीं. माझा कल त्या छत्तिसांकडे आहे. वेदना ज्यास होते तो 'कोणीतरी एक' असावा लागतो. जास्वंदीची फांदी तोडली असतां एकाचे दोन होतात, आणि दोघेही जगतात. दुःख कोणाचें, या प्रश्नास त्या दिवशीं माझ्याजवळ उत्तर नव्हतें, म्हणून मीं शिक्षा दिली.

नातीस मीं तव्याचीच गोष्ट सांगितली. तिला ती पटली. एकदां पोळ्यांच्या वेळीं तिनें तो अनुभव घेतलेलाच होता. तरी तिनें विचारलें, "पण तुम्हांला नक्की माहीत आहे का ?" मीं म्हटलें, "अगं, झाडाला मेंदू नाही, म्हणून दुखत नसावं असं मला वाटतं. झाड होऊन मीं काही पाहिलेलं नाही." ती विचारांत पडली. मग म्हणाली, "मला काहीतरी करून बघायचंय."

तेव्हां नवरात्रांत घटाचे गहूं पेरतांना मूठभर गहूं एका निराळ्या कुंडींत पेरले, व ती कुंडी माजघराच्या खिडकीपासून दूर कोपऱ्यांत ठेविली. अंकुर बोटाच्या पेराएवढे झाले तेव्हां चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या टोप्या करून तिनें नऊ अंकुरांच्या टोंकांवर अलगद बसविल्या, आणि बाकीचे उघडे ठेविले. दसऱ्याच्या आदल्या सकाळीं तिनें मला हांक मारली. उघडे अंकुर सगळे खिडकीकडे वांकले होते. टोपीवाल्यांपैकीं सात सरळ उभे होते, दोन वांकलेले होते. हें पाहून मी जरा हिरमुसलों. तिनें मात्र खालीं वांकून पाहिलें आणि त्या दोघांच्या टोप्या मातींतून उचलून माझ्या हातावर ठेविल्या. त्या रात्रीं केव्हांतरी गळून पडल्या होत्या.